दोन मथळे, बारा मिनिटं : माध्यम अभ्यासक्रमातलं सादरीकरण कसं उभं करावं

वर्गातल्या सादरीकरणाला साधारण पंधरा मिनिटं मिळतात. बारा मिनिटं बोलायचं, तीन मिनिटं प्रश्न आणि चौघांचा गट, असं धरून पुढचं सगळं लिहिलं आहे. बारा मिनिटांत एकच गोष्ट पटवून देता येते. दोन घेतल्या की दोन्ही अर्ध्या राहतात, आणि घंटा वाजते तेव्हा चौथा विद्यार्थी अजून तोंडही उघडलेला नसतो.

गाडी पहिल्यांदा अडते ती विषयावर. 'सोशल मीडियाचे फायदे-तोटे', 'कुंभमेळा आणि प्रसारमाध्यमे', 'दादासाहेब फाळके : जीवन आणि कार्य' हे नाशिकच्या वर्गांमधले हक्काचे विषय. फाळक्यांचं सादरीकरण त्र्यंबकेश्वरच्या जन्मापासून (१८७०) निघतं, १९१३ च्या पहिल्या चित्रपटाला पोचेपर्यंत आठवं मिनिट उजाडतं आणि १९४४ साली नाशिकला झालेल्या निधनापर्यंत जायला वेळच उरत नाही. त्यात चूक काही नसतं, पण ते पाठ केलेलं चरित्र असतं. गटाने स्वतः काही पाहिलं, मोजलं, असं त्यात काही नसतं. त्याऐवजी त्या पहिल्या चित्रपटात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली, एवढीच एक गोष्ट धरा. बाईच्या भूमिकेला बाई का मिळाली नाही, या प्रश्नावर बारा मिनिटं पुरणार नाहीत.

कसोटी सोपी आहे. विषय क्रियापदासकट एका वाक्यात सांगता आला पाहिजे. 'कांदा आणि वृत्तपत्रे' हे नुसतं शीर्षक झालं. 'कांद्याचा भाव छापताना दैनिक कोणाच्या बाजूला उभं आहे, हे मथळ्यातल्या किलो-क्विंटलवरून कळतं' हे वाक्य झालं. पुढे हाच विषय उदाहरणाला घेतो. लासलगाव आपल्याच जिल्ह्यात आहे आणि कांद्याच्या बातम्यांना इथे कधी तोटा नसतो.

नमुन्यादाखल रचलेले दोन मथळे बघा : 'कांदा साठ रुपये किलो' आणि 'कांदा चार हजारांवर'. पहिला किलोत बोलतो, कारण भाजीबाजारात पिशवी घेऊन जाणारा माणूस किलोने घेतो. दुसऱ्यात एककच नाही. मार्केट यार्डात भाव क्विंटलवर निघतो, हे त्याच्या वाचकाला वेगळं सांगावं लागत नाही. चार हजार रुपये क्विंटल म्हणजे चाळीस रुपये किलो. म्हणजे शेतकऱ्याचे चाळीस आणि गिऱ्हाइकाचे साठ, यांच्यामधले वीस रुपये दोन्ही मथळ्यांत कुठेच नाहीत. हे वर्गासमोर नीट उलगडलंत तर 'फ्रेमिंग', म्हणजे बातमी कोणाच्या बाजूने, कोणत्या चौकटीत मांडली आहे, ही संज्ञा न उच्चारताच समजते. संज्ञा त्यानंतर सांगा. आधी व्याख्या आणि मग उदाहरण, असा उलटा क्रम लावला की मागचे बाक मोबाइल काढतात.

मथळे जमवणं आणि मोजणं

काळ आधी बांधून घ्या. कांद्यावरची निर्यातबंदी ८ डिसेंबर २०२३ पासून लागू झाली आणि ४ मे २०२४ ला उठली. सगळे पाच महिने घेण्याचा मोह होईल. घेऊ नका. ८ ते २१ डिसेंबर असे चौदा दिवस, दोन दैनिकं, म्हणजे अठ्ठावीस अंक. पान एक आणि जिल्ह्याचं पान, एवढंच बघायचं. चौघांनी वाटून घेतलं तर दोन दुपारचं काम आहे.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात दरवर्षी कोणीतरी पडतं : आवृत्ती. ई-पेपर उघडताना एकाने नाशिक आवृत्ती घेतली आणि दुसऱ्याने मुंबई, तर तुलना दोन दैनिकांची राहत नाही, दोन शहरांची होते. त्याच दैनिकाच्या नाशिक आवृत्तीत पान एकवर असलेला कांदा मुंबईत आतल्या पानावर जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक मथळ्यापुढे दैनिक, आवृत्ती, तारीख, पान या चार गोष्टी त्याच क्षणी लिहायच्या. नंतर लिहू म्हटलं की राहिलंच. छापील अंक हवे असतील तर टिळक पथावरचं सावाना, म्हणजे १८४० पासूनचं आपलं सार्वजनिक वाचनालय, किंवा कॉलेजचं ग्रंथालय. कोणत्या दैनिकांच्या किती जुन्या फायली ठेवल्या आहेत ते आधी विचारून मगच वेळ काढा.

कात्रणाचा फोटो खिडकीच्या उजेडात, कागदाच्या बरोबर वरून घ्या. ट्यूबलाइटखाली चमक येते, तिरका घेतला तर ओळी निमुळत्या दिसतात. एकमेकांना पाठवताना व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर आकार इतका दाबला जातो की पडद्यावर अक्षरं फुटतात.

मग वर्गवारी. तीनच रकाने : गिऱ्हाईक, शेतकरी, सरकार-व्यापारी. प्रत्येक रकान्यात काय बसतं याची एक ओळ लिहा. पहिले दहा मथळे दोघांनी एकमेकांना न दाखवता रकान्यांत टाकायचे आणि मग ताडून बघायचं. आठ जुळले तर पुढे जा. पाचच जुळले तर तुमच्या त्या एका ओळीत घोळ आहे, ती दुरुस्त करून पुन्हा बसा. बातमीला किती जागा दिली हेही दाखवायचं असेल तर कॉलम-सेंटिमीटर काढा : बातमी तीन कॉलम रुंद आणि बारा सेंटिमीटर उंच असेल तर छत्तीस. मोजपट्टी छापील अंकावरच लावायची. ई-पेपरच्या झूम केलेल्या पडद्यावर मोजून आणलेल्या आकड्यांना काही अर्थ नसतो.

आणि टक्के काढू नका. समजा अठ्ठावीसपैकी वीस मथळे एका रकान्यात गेले, तर 'अठ्ठावीसपैकी वीस' म्हणा. '७१.४ टक्के' म्हटलं की आकड्याला उगाच सूट-बूट चढतो.

स्लाइड

बारा मिनिटांना सात-आठ स्लाइड खूप झाल्या. पहिल्या स्लाइडवर ते दोन मथळे. दुसरीवर तुमचं एक वाक्य. तिसरीवर काय, किती, कुठून मोजलं. चौथीवर आकडे, मग दोन-तीन कात्रणं, शेवटी मर्यादा. अख्खं पान पडद्यावर टाकून 'इथे तुम्ही बघू शकता' म्हणणं थांबवा. कोणालाही काहीही दिसत नसतं. मथळा कापून मोठा करा, खाली बारीक अक्षरांत दैनिक आणि तारीख, आणि ज्या शब्दावर बोलणार आहात त्या एकाच शब्दाला रंग.

अक्षर २८ पॉइंटच्या खाली नको, मथळे ४० च्या आसपास. लॅपटॉप टेबलावर ठेवून दहा फूट मागे जा; वाचता आलं नाही तर शेवटच्या बाकालाही वाचता येणार नाही. वर्गाला पडदे नसतील तर पांढरी पार्श्वभूमी आणि काळी अक्षरं घ्या. काळ्यावरची पिवळी अक्षरं घरी छान दिसतात, पण भर दुपारच्या वर्गात सगळा पडदा राखाडी होतो.

देवनागरीच्या तक्रारी वेगळ्या असतात. कृतिदेव, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या यंत्रावर निव्वळ अगम्य चिन्हं होऊन उमटतो; मुक्ता, मंगल, निर्मला किंवा नोटो सॅन्स देवनागरी असा युनिकोड फॉन्टच घ्या. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ओळींमधलं अंतर १.२ च्या आसपास ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. आपल्या विषयात तर 'शेतकऱ्यांचा' हा शब्द दर स्लाइडवर येणार, आणि फॉन्ट बिघडला की सगळ्यात आधी त्यातला 'ऱ्या' मोडतो. तो एक शब्द कॉलेजच्या यंत्रावर नीट दिसला की बाकीचं बहुधा नीट असतं. पॉवरपॉइंटच्या सेव्ह ऑप्शन्समध्ये फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड करण्याची सोय आहे, ती चालू करा आणि शिवाय एक पीडीएफ काढून ठेवा. पीडीएफमध्ये अॅनिमेशन आणि व्हिडिओ गळून पडतात, पण अक्षर हलत नाही.

कात्रण गुन्ह्याच्या बातमीचं असेल तर नावं आणि चेहरे झाका. पीडित मूल असेल तर त्याची ओळख पटेल असं काहीही दाखवायचं नाही. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं कलम २३ माध्यमांना तेच बजावतं, आणि माध्यमांच्या वर्गालाच ते माहीत नसणं फार वाईट दिसतं.

यंत्रं

आदल्या दिवशी त्याच खोलीत जाऊन प्रोजेक्टरची वायर बघा. एचडीएमआय आहे की जुनी व्हीजीए? काही नव्या लॅपटॉपना नुसतं टाइप-सी असतं, मग अडॅप्टर लागतो. व्हीजीएमधून आवाज जात नाही, स्पीकरची वेगळी वायर लागते. एचडीएमआय लावल्यावर याच्या उलट गंमत होते : आवाज प्रोजेक्टरकडे वळतो आणि लॅपटॉप मुका होतो. खालच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आउटपुट बदला. पडद्यावर चित्रच आलं नाही तर विंडोज आणि पी दाबून 'डुप्लिकेट' निवडा.

बातमीचा व्हिडिओ असेल तर लिंकवर विसंबू नका. वर्गातलं वायफाय नेमकं तेव्हाच रुसतं. वीस-तीस सेकंदांचा तुकडा एमपी४ करून स्लाइडमध्ये बसवा आणि त्याच फोल्डरमध्ये वेगळाही ठेवा. पेनड्राइव्ह दोन, दोन वेगळ्या माणसांकडे. एकच असला की तो नेमका नाशिकच्या द्वारका चौकातल्या वाहतूक कोंडीत अडकलेल्याच्या खिशात असतो. लॅपटॉप चार्ज करून आणा, वीज गेली तरी निदान तुमचे मुद्दे तुमच्यासमोर राहतील.

एवढ्या की पाठ करा : एफ५ ने सुरुवातीपासून, शिफ्ट-एफ५ ने आहे त्या स्लाइडपासून, बी दाबलं की पडदा काळा, आणि स्लाइडचा क्रमांक टाकून एंटर दाबला की थेट तिथे. प्रश्नोत्तरांत 'मागची ती स्लाइड' शोधताना सगळी माळ उलटी फिरवावी लागत नाही.

बोलणं

समजेल अशा वेगाने मराठी बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. म्हणजे बारा मिनिटांना बाराशे शब्द, आणि थांबे धरले तर हजारच. लिहून काढा, मोजा, आणि मग ते लिखाण बाजूला ठेवून पोस्टकार्डाएवढ्या सहा कार्डांवर नुसते मुद्दे आणि आकडे उतरवा. पूर्ण वाक्यं हातात असली की माणूस वाचतोच.

तालीम तीनदा, उभं राहून, फोनवर घड्याळ लावून. पहिली बहुतेक पंधरा-सोळा मिनिटांवर जाते. कापायचं कुठून? प्रस्तावनेतून. वृत्तपत्र म्हणजे काय, कांद्याचं महत्त्व काय, हे वर्गाला ठाऊक आहे. 'आदरणीय व्यासपीठ'सुद्धा काढा. व्यासपीठावर तुम्हीच असता. मोजण्याची रीत आणि कात्रणं मात्र कापू नका, गुण तिथेच आहेत.

आकडे मोठ्याने म्हणून बघा. 'एकोणपन्नास', 'अडुसष्ट' यांच्यापाशी भलेभले अडखळतात आणि तोंडून 'सिक्स्टी-एट' निघून जातं. कार्डावर आकडा अक्षरांत लिहिला की हे होत नाही.

चौघांत वाटणी करताना पानं वाटू नका, प्रश्न वाटा : काय दिसलं, कसं मोजलं, काय निघालं, काय सांगता येत नाही. पहिल्याने थांबताना पुढच्याचा प्रश्न विचारायचा : 'पण हे दोनच मथळे निवडून घेतलेले नसतील कशावरून?' त्यावर दुसऱ्याने सुरू करायचं. 'आता यापुढील माहिती माझी मैत्रीण सांगेल' याची गरजच उरत नाही. जो बोलत नाही त्याने स्लाइड पुढे न्यायची, आणि तालमीतही त्यानेच.

सुरुवातीला दोन मथळे दाखवून पाच सेकंद गप्प राहा. वर्ग वाचतो तोवर बोलायचं नाही. पाच सेकंद उभ्याला फार लांब वाटतात, बसलेल्याला नाही. पडद्याच्या डाव्या बाजूला उभे राहा, वाचणाऱ्याची नजर तिथूनच सुरू होते. प्रोजेक्टरच्या झोतात गेलात तर मथळा तुमच्या शर्टावर उमटेल. पंखे जोरात असतील तर सुरू करण्याआधी कमी करायला सांगा. नंतर मध्येच सांगणं जमत नाही.

प्रश्न

तीन प्रश्न येणारच : हीच दैनिकं का, हेच दिवस का, आणि रकाने कोणी ठरवले. तिन्हींची उत्तरं तिसऱ्या स्लाइडवर असली पाहिजेत. रकान्यांची यादी आणि दोघांची ताडून बघितलेली पानं छापून सोबत ठेवा, कोणी शंका घेतली तर हातात देता येतात.

चौथा प्रश्न जरा तिरका असतो : 'म्हणजे अमुक दैनिक शेतकरीविरोधी आहे असं म्हणायचं आहे का?' इथे गट फसतात, कारण हो म्हणायला बरं वाटतं. तुम्ही मथळे मोजलेत, संपादकाच्या मनातलं काही मोजलेलं नाही. 'मथळा कोणाच्या एककात लिहिला आहे ते आम्ही दाखवू शकतो, तसा का लिहिला ते या चौदा दिवसांवरून सांगता येणार नाही' एवढं उत्तर पुरे. वाचकांवर काय परिणाम झाला याचंही तसंच; त्यासाठी वाचकांना विचारावं लागतं, आणि तुम्ही विचारलेलं नाही.

उत्तर येत नसेल तर चौघांनी एकमेकांकडे बघू नका. कोणता प्रश्न कोण घेणार हे आधी ठरलेलं असावं. आणि प्रश्न चालू असताना पडद्यावर फुलांची 'धन्यवाद' स्लाइड ठेवू नका. आठ दाबून एंटर करण्याऐवजी एक दाबून एंटर करा. ते दोन मथळे पुन्हा समोर येतील आणि विचारणारा त्यांच्याकडे बघूनच विचारेल.