रूप बदलणाऱ्या नायकाचं विनोदी वेबकॉमिक: या चुका टाळा

रूप बदलणारा नायक घेतला की नवखा चित्रकार आधी रूपांची यादी करतो. म्हैस, रिक्षा, कुकर, शेजारच्या काकू. यादी लांबली की विनोद आपोआप होईल असं त्याला वाटतं. म्हैस बघून कोणी हसत नाही. म्हैस झाल्यावरही हा माणूस बँकेच्या रांगेतला आपला नंबर सोडत नाही, त्याला हसतात.

रूपाबरोबर माणूसही बदलणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. समजा, नायक बंडू. घरमालक भाडं मागायला येतो आणि बंडू कुकर होतो. पहिल्या चौकटीत घाबरलेला बंडू, दुसरीत दार उघडणारी बायको, तिसरीत ओट्यावर कुकर. वाचक पुढे सरकतो, कारण ओट्यावर कुकर असतोच! मग चित्रकार कुकरकडे बाण काढून 'हा बंडू' असं लिहितो. त्या बाणाबरोबर विनोद संपला.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक रूपात टिकणाऱ्या तीन खुणा: एक आकार, एक रंग, एक सवय. आकार म्हणजे उजव्या बाजूला उभी राहणारी केसांची बट. कुकरवर ती शिट्टीजवळ, म्हशीच्या शिंगांमध्ये. रंगाची एकच छटा ठरवा, पॅलेटमध्ये जतन करा आणि ती पार्श्वभूमीला किंवा दुसऱ्या पात्राला देऊ नका. पण नुसत्या रंगावर विसंबू नका, रंगांधळ्या वाचकाला तो दिसेलच असं नाही. सवय सगळ्यात कामाची. बंडूला घाबरला की उचकी लागते. मालक विचारतो, "बंडू आहे का घरात?" आणि कुकरमधून शिट्टीऐवजी उचकी येते. बाणाची गरजच उरत नाही.

पहिला भाग काढण्याआधी सगळी रूपं एका पानावर ओळीने काढा. पान कृष्णधवल करा, प्रत्येक रूप १०० पिक्सेल उंचीचं करा आणि कथा माहीत नसलेल्या माणसाला विचारा, यातली एकाच माणसाची रूपं कोणती? तो अडला तर खुणा कमी पडल्या. हे पान टाळून थेट भाग पोस्ट करण्याची घाई मला अजिबात पटत नाही. पुढे प्रत्येक भागात तेवढाच वेळ दुरुस्तीला जातो.

शक्तीला मर्यादा नसणं

काहीही, केव्हाही, कितीही वेळ होता येत असेल तर नायक कधी अडकतच नाही, आणि न अडकणाऱ्या माणसावर विनोद होत नाही. तीन नियम लिहून टेबलासमोर चिकटवा. उदाहरणार्थ, वजन बदलत नाही. एका वेळी १० मिनिटंच. रूप पुन्हा वापरायचं तर दिवसभर थांबायचं. आता तो कुकर ६२ किलोचा आहे. मालक भाड्याऐवजी तो उचलून न्यायला बघतो आणि तो हलतच नाही. प्रसंग नियमानेच दिला. अडचणीतून सोडवायला ऐनवेळी नवा नियम आणू नका. तो निदान एक भाग आधी दिसलेला हवा.

बदल होताना दाखवत बसणं

हात वितळतोय, कान वाढतोय, अशा पाच चौकटी काढण्यात दोन दिवस जातात आणि हसू येत नाही. बदल दोन चौकटींच्या मधल्या जागेत होऊ द्या. फोनवर वरून खाली सरकवत वाचायच्या पट्टीत, म्हणजे उभ्या स्क्रोलमध्ये, नवं रूप आधीच्या चौकटीबरोबर एकाच स्क्रीनवर दिसलं तर धक्का गेला. ८०० पिक्सेल रुंदीच्या पट्टीवर मी मधे ७०० ते १,००० पिक्सेल मोकळे सोडतो आणि फोनवर तपासतो. चित्र दुप्पट रुंदीवर, म्हणजे १,६०० वर काढावं आणि शेवटी लहान करावं.

अक्षरं शेवटी कोंबणं

आधी मजकूर, मग त्याभोवती संवादाचा फुगा. ८०० च्या पट्टीवर अक्षर ३४ पिक्सेलच्या खाली नको, आणि ओळींमध्ये दीडपट अंतर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना धडकतात. काही चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात. 'दुसऱ्या', 'ट्रॅक्टर', 'शक्ती' हे तीन शब्द टाइप करून बघा. फुटले तर अक्षरं इंकस्केप या मोफत चित्र-सॉफ्टवेअरमध्ये बसवा आणि चित्र म्हणून आणा.

शक्ती कशी मिळाली हे पहिल्या भागात सांगू नका, थेट गोंधळापासून सुरू करा.

बंडू शेजारच्या काकू झाला तर हसू त्याच्या फजितीवर यावं, काकूंच्या अंगकाठीवर किंवा बोलीवर नको.

पाच भाग तयार असल्याशिवाय पहिला टाकू नका. आठवड्याला एक हे वेळापत्रक परीक्षा, लग्नसराई किंवा गणपतीत मोडतंच, आणि तेव्हा हेच भाग उपयोगी पडतात.