जुन्या मृत्यू-नोंदींतला ‘ताप’ कसा वाचावा

सातारा शहरात १९०० ते १९२० दरम्यान माणसं कशानं मेली हे शोधायचं तर आधी हद्द पाहा. शहराच्या नोंदी नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात विचारा. खेड्यांसाठी गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, तहसीलच्या अभिलेख कक्षात मागा. तासगाव, वाळवा, खानापूर तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. सांगली शहर मात्र पटवर्धनांच्या संस्थानात, ते साताऱ्याच्या दप्तरात शोधू नका. मजकूर मोडीत असेल तर जाणकार सोबत घ्या, अंदाजानं अक्षरं लावू नका.

उतरवताना तारीख, वय, पेठ, घर आणि कारण वहीतल्याच शब्दांत लिहा. वयापुढं दिवस, महिने की वर्षं हे आवर्जून पाहा. ‘१०’ एवढंच टिपलंत, तर दहा दिवसांचं बाळ दहा वर्षांचं होऊन बसतं.

पटकी म्हणजे कॉलरा, देवी, हगवण, सर्पदंश यांत फारसा घोळ नाही. ‘महामारी’ कुठं पटकीला तर कुठं प्लेगला लावलेली दिसते. खरा गोंधळ ‘ताप’ या शब्दाचा. मृत्यूचं कारण बहुतेक घरच्यांनी सांगितलेलं, त्यामुळं हिवताप, विषमज्वर म्हणजे टायफॉइड, न्युमोनिया सगळं एकाच शब्दात जातं. प्लेगही त्यात लपतो: सक्तीनं वेगळं ठेवतील, घर धुऊन काढतील या धास्तीनं लोक प्लेगच्या गाठीचं नाव काढत नसत. म्हणून ‘ताप’ एकटा मोजू नका. महिन्यावार, पेठेवार मांडा. थंडीत एकाच घरात आठवड्याभरात तीन-चार ताप दिसले, तर प्लेगचा संशय धरा, पण नोंदीतला शब्द बदलू नका. शेरा वेगळ्या रकान्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१८ मधले ताप वेगळे काढा. त्यांत वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं जास्त असतील, तर तो बहुधा त्या वर्षीच्या साथीतला इन्फ्लुएन्झा.

दर काढायला वर्षाचे मृत्यू भागिले लोकसंख्या गुणिले हजार. १९०१ च्या शिरगणतीत शहर २६,०२२ चं. समजा ७८० मृत्यू निघाले, तर दर हजारी ३०. प्लेगच्या वर्षी हे गणित फसतं. लोक शहर सोडून माळावर झोपड्या टाकून राहत, तिथले मृत्यू जवळच्या गावच्या वहीत गेलेले असू शकतात. त्या वह्याही चाळा.