ममी शिकायची तर खारापासून सुरुवात करा

ममीच्या अभ्यासाकडे वळणारे बहुतेक जण आधी पट्ट्या आणि शाप यांत अडकतात. पट्ट्या शेवटी येतात. मांस कुजायच्या आत शरीरातलं पाणी काढून टाकणं, खरा खटाटोप एवढाच. ग्रीक लोक प्राचीन इजिप्तमधल्या ममी बनवणाऱ्या कारागिरांना खारवणारे म्हणत, मासे खारवणाऱ्यांचाच शब्द. खारा बांगडा ठाऊक असलेल्याला तो लगेच पटतो.

पाणी ओढायला लागे नॅट्रॉन हा खार. कैरोच्या वायव्येला वादी अल-नत्रून इथे तळी आटली की तो मिळे. सोडियम कार्बोनेट, बायकार्बोनेट, मीठ आणि थोडं सल्फेट असं हे नैसर्गिक मिश्रण. आपल्या लोणारच्या सरोवरातून पूर्वी काढत तो खारही याच जातीचा.

इथे नवखे दोनदा फसतात. एक, शरीर खाराच्या पाण्यात बुडवत असावेत असं त्यांना वाटतं. पाण्यात कातडी सुटते. कोरडा खारच हवा. दुसरं, ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहिलेले 70 दिवस सगळे खारातलेच असं ते धरतात. खारात सुमारे 40 दिवसच जात, बाकीचे तेलं, राळ, पट्ट्या आणि विधींचे.

पोटाला छेद डाव्या बाजूला. यकृत, फुप्फुसं, जठर, आतडी बाहेर. हृदय मात्र जागेवर, कारण बुद्धी तिथेच असते अशी समजूत. मेंदू नाकातलं पातळ हाड फोडून काढत. आकड्याने ओढून काढल्याचं सर्रास लिहिलेलं असतं, पण 1994 मध्ये अमेरिकेत बॉब ब्रायर आणि रोनाल्ड वेड या संशोधकांनी दान केलेल्या देहावर करून पाहिलं, तेव्हा आकड्याला काही लागेना. मेंदू घुसळून पातळ करावा लागला, मग तो नाकपुड्यांतून ओतला. त्यांना खार लागला सुमारे 270 किलो, दिवस 35.

बिघडलेल्या ममी जास्त शिकवतात. राणी हेनुत्तावीच्या गालांत भरण इतकं ठासलं होतं की पुढे कातडी फाटली. राजा तुतानखामुनवर राळ एवढी ओतली की देह पेटीला चिकटला आणि 1925 मध्ये तो तुकडे करून सोडवावा लागला. प्रत्यक्ष ममी पाहायची तर बडोद्याचं वस्तुसंग्रहालय जवळचं.

पण त्याआधी एक बांगडा खारवून पाहाच. पोट साफ करून, आत-बाहेर पूर्ण पुसून, धुण्याचा सोडा, खायचा सोडा आणि मीठ यांच्या मिश्रणात पुरा गाडा, पोटातही भरा. हातमोजे घाला, आणि तो मासा खायचा नाही. धुण्याच्या सोड्याचे खडे असतील तर प्रयोग फसतो, कारण त्यांत वजनाने 63 टक्के पाणी आधीच असतं, ते आणखी काय शोषणार? कोरडी पूड घ्या. मिश्रण ओलसर होऊन गोळे झाले की बदला, नाहीतर पोटाकडून वास सुटतो. दर आठवड्याला मासा झटकून वजन लिहा. सलग दोनदा तेच वजन आलं की बाहेर काढा.