राडारोड्यासाठी ट्रॉली किंवा कंटेनर भाड्याने घेताय? या चुका टाळा

सोलापुरात घराचं काम निघालं की वाळू, सिमेंट, सळईचा हिशेब कागदावर होतो. निघणाऱ्या राडारोड्याचा हिशेब मात्र कोणी करत नाही. "शेवटी एक ट्रॉली बोलावू आणि सगळं टाकून देऊ" एवढ्यावरच तो विषय संपतो. या 'सगळं'मध्येच घोळ असतो. भरलेली गाडी ड्रायव्हर उचलायला नकार देतो, दुपटीने भाडं मागतो, नाहीतर रात्री एखाद्या नाल्याकाठी ओतून मोकळा होतो.

म्हणून आत काय टाकायचं हे ठरवण्याआधी गाडी कुठे रिकामी होणार हे विचारा. जोत्याच्या भरणीला जाणार असेल तर आत फक्त विटा, दगड, काँक्रीट आणि गिलावा चालतो. शेतात जाणार असेल तर फक्त माती. महापालिकेने ठरवून दिलेल्या जागी जाणार असेल तर तिथे काय घेतात आणि पावती मिळते का, हे आपल्या झोन कार्यालयात आधी विचारून घ्या. ड्रायव्हर "बघतो कुठंतरी" म्हणाला तर ती गाडी घेऊ नका. बांधकामाचा कचरा रस्त्यावर, गटारात किंवा वाहतुकीला अडथळा होईल असा टाकू नये, ही जबाबदारी २०१६ च्या केंद्रीय नियमांनी कचरा करणाऱ्यावर, म्हणजे घरमालकावर टाकली. गाडी भाड्याची असली तरी ती सुटत नाही.

जागा पाहिली, वजन पाहिलंच नाही

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. भाडं ब्रासवर ठरतं, पण गाडी मोडते ती वजनाने. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. विटांचा सुटा राडारोडा १ ब्रास भरला तर साडेतीन ते चार टन होतो, फोडलेलं काँक्रीट चार ते साडेचार टन. तेवढ्याच जागेत जुनं लाकूड पाऊण टनाच्या आसपास भरतं.

दोन उदाहरणं बघा. १० फूट लांब, १० फूट उंच आणि ९ इंच जाडीची विटांची भिंत पाडली, तर भिंत आणि दोन्ही बाजूंचा गिलावा मिळून साधारण ८३ घनफूट घट्ट माल निघतो. फुटल्यावर तो फुगतो आणि ११० ते १२० घनफूट होतो. म्हणजे एकाच भिंतीचा राडारोडा १ ब्रासपेक्षा जास्त आणि साडेचार टनांच्या घरात. दुसरं उदाहरण बाथरूमचं. ५ बाय ८ फुटांच्या बाथरूममधल्या जमिनीच्या आणि ७ फूट उंचीपर्यंतच्या भिंतीच्या टाइल्स मसाल्यासकट काढल्या की सुटा माल ३०-३५ घनफूट भरतो. छोटा हत्तीचा हौदा बरोबर तेवढ्यात भरतो, म्हणून वाटतं की एका फेरीत काम झालं. पण वजन जातं सव्वा टनाच्या पुढे आणि त्या गाडीची क्षमता आहे पाऊण टनाची. स्प्रिंग पाटा तुटणं, टायर फुटणं, उतारावर ब्रेक न लागणं हे सगळं इथूनच येतं. अशा वेळी दोन फेऱ्यांचं भाडं आधीच ठरवावं.

पेठांमधल्या जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या छताच्या, घरांचा हिशेब आणखी वेगळा. १० बाय १२ च्या खोलीवर एक फूट पांढरी माती असेल तर १२० घनफूट दाबलेली माती खाली येते. सुटी झाल्यावर ती दीड ब्रास होते आणि वजन साडेपाच टनांच्या वर जातं. अनेक माळवदांवर वर्षानुवर्षं थर चढत गेलेले असतात, त्यामुळे जाडी दीड फूटही निघते. एका खोलीला एक ट्रॉली हा अंदाज इथे हमखास चुकतो. पाऊस लागला तर त्याच मातीचं वजन मूळ वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकं आणखी वाढू शकतं, म्हणून माळवद उतरवायचं काम जूनच्या आधी संपवा किंवा ढीग ताडपत्रीखाली ठेवा.

डंपर प्लेसरने, म्हणजे कंटेनर उचलून नेणाऱ्या गाडीने, उचलायचा लोखंडी कंटेनर मिळत असेल तर तो बऱ्याचदा साडेचार घनमीटरचा, म्हणजे जेमतेम १.६ ब्रासचा असतो. काँक्रीटने काठोकाठ भरला तर साडेसहा टन. उचलणाऱ्या गाडीची क्षमता विचारल्याशिवाय दगड आणि काँक्रीट अर्ध्याच्या वर भरू नका. न उचलणारा कंटेनर हाताने निम्मा रिकामा करावा लागतो आणि त्या बिगाऱ्यांची मजुरी तुमच्याच खिशातून जाते.

चांगल्या मालात वाईट माल मिसळला

स्वच्छ राडारोड्याला गिऱ्हाईक असतं. विटा, दगड, काँक्रीट, शहाबादीचे तुकडे, सिरॅमिक टाइल्स हे सगळं भरणीला चालतं. पण त्यात पुढचं काही गेलं की सगळी गाडीच कचरा ठरते.

लाकूड, भुसा, प्लायवूडचे तुकडे: भरणीत गेले की वाळवीला घर मिळतं. लाकूड कुजलं की पोकळी होते आणि वरची फरशी बसते. सागाची तुळई, कडुनिंबाचे वासे, जुनी दारं-खिडक्या तर राडारोड्यात टाकूच नयेत. जुनं लाकूड घेणारे ती घरून घेऊन जातात.

पीओपी आणि जिप्समचं छत: हे पांढरं दिसतं म्हणून लोक गिलाव्यातच ढकलतात. जिप्सम म्हणजे सल्फेट. ओलावा मिळाला की ते सिमेंटवर हल्ला करतं, काँक्रीट फुगतं आणि तडकतं. ओल्या कचऱ्यात मिसळून ढिगाखाली हवेविना राहिलं तर कुजक्या अंड्यासारखा वास येणारा विषारी वायू तयार होतो. पीओपी वेगळ्या गोण्यांत भरा, कोरडं ठेवा आणि गोण्या स्वतंत्र द्या.

प्लास्टिक, थर्माकोल, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या: भरणी दाबली जात नाही, आणि उन्हाळ्याच्या वाऱ्यात अर्धा माल गाडीतून उडून रस्त्यावर पसरतो.

सळई: काँक्रीटमधून बाहेर आलेली सळई ट्रॉलीच्या फळकुटाबाहेर राहिली तर मागच्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकतं. ती कापून भंगारात द्या. त्या पैशातून फेरीच्या भाड्याला हातभार लागतो.

मोठ्या बांधकामांसाठी, म्हणजे दिवसाला २० टनांहून किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून जास्त राडारोडा निघणार असेल तर, २०१६ च्या नियमांनी चार ढीग सांगितले: काँक्रीट; माती; लोखंड-लाकूड-प्लास्टिक; विटा आणि मसाला. घरगुती काम सहसा या आकड्यापर्यंत जात नाही. पण चार ढिगांची पद्धत एका खोलीच्या कामालाही लागू पडते आणि पाडकाम सुरू होण्याआधी जागा आखून दिली तर मजुरांना वेगळे कष्टही पडत नाहीत. एकदा मिसळलेला ढीग वेगळा करायला मात्र दिवस जातो.

जुन्या घराची पांढरी माती शेतात टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. ती देताना काचेचे तुकडे, खिळे, ब्लेड, चुन्याचे आणि सिमेंटचे डिखळे काढून द्या. चाळायची साधी सोय म्हणजे तिरकी उभी केलेली वाळूची चाळण. शेतात उघड्या हाताने खुरपणी होते, हे माती देणाऱ्याने विसरू नये.

या वस्तू कुठल्याच गाडीत नकोत

सिमेंटचे जुने पत्रे. जुन्या पत्र्यांत बहुतेकदा अ‍ॅस्बेस्टॉस असतं. अखंड पत्र्यापासून धोका कमी. तो फोडला, ग्राइंडरने कापला किंवा ट्रॉलीत आपटला की बारीक तंतू हवेत जातात, फुप्फुसात बसतात आणि त्यांचे आजार कित्येक वर्षांनी दिसतात. पत्र्यावर पाणी मारा, बोल्ट खोलून तो अखंड उतरवा. फुटलेले तुकडे ओले असतानाच जाड प्लास्टिकच्या दोन थरांत बांधा, वर लिहा आणि आरोग्य निरीक्षकाला कळवून वेगळे द्या. झाडूने कोरडं झाडू नका. तोंडाला बांधलेला रुमाल या तंतूंना अडवत नाही.

ट्यूबलाइट आणि सीएफएल. आत पारा असतो. घरगुती घातक कचरा म्हणून या वेगळ्या द्यायच्या असतात. मुदत संपलेली औषधं, इंजेक्शनच्या सुया आणि कीटकनाशकांचे डबे यांनाही हेच लागू. सुया जाड डब्यात बंद करून द्या. राडारोडा भरणारा मजूर हातानेच भरतो.

बॅटऱ्या. इन्व्हर्टरची बॅटरी नवी घेताना दुकानदाराला परत द्या, तिची किंमत वजा होते. मोबाइल आणि इ-बाइकच्या लिथियम बॅटऱ्या दगडाखाली चेपल्या तर पेटतात आणि ती आग पाण्याने सहज विझत नाही.

फ्रीज आणि एसी. नळी कापली की आतला वायू हवेत जातो. जुन्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं. ही सगळी ई-कचऱ्याची कामं आहेत, ती अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या. गॅसची टाकी, रिकामी असली तरी, एजन्सीलाच परत करा.

रंग, थिनर, वॉर्निश, इंजिन ऑइल. उरलेला डिस्टेंपर वाळूत कालवून उन्हात सुकवला तर घट्ट होतो आणि सुक्या कचऱ्यात देता येतो. ऑइलपेंट आणि थिनर असे सुकवू नका, वापरणाऱ्याला द्या किंवा घातक कचऱ्यात द्या. जवसाच्या तेलाचं पॉलिश पुसलेल्या चिंध्या बोळा करून टाकणं फार धोक्याचं आहे. त्या आपोआप तापतात आणि सोलापूरच्या ४२-४३ अंशांच्या उन्हात बंद कंटेनरमध्ये पेटूही शकतात. त्या पसरून पूर्ण वाळवा किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या झाकणबंद डब्यात ठेवा.

ओला कचरा, झाडांच्या फांद्या, मेलेली जनावरं. ओला कचरा घंटागाडीत द्या. फांद्यांचं वजन नसतं, पण जागा सगळी त्याच खातात.

कारखान्याचा माल घरच्या गाडीत

यंत्रमागाचा शेड आणि घर एकाच आवारात असणं आपल्या शहरात नवं नाही, आणि घराच्या राडारोड्यात शेडचा माल जातो तो इथेच. सुताचा गुंता, टॉवेलच्या कडा, चादरीचे तुकडे कोरडे असतील तर विकले जातात. गॅरेजला पुसणी म्हणून आणि गादीवाल्यांना लागतात. तेच राडारोड्यात गेले की भिजतात, जड होतात आणि कोणाच्याच कामाचे राहत नाहीत.

रंगाचे पिंप, कॉस्टिक सोड्याच्या पिशव्या आणि सांडपाणी प्रक्रियेचा गाळ ही मात्र पूर्ण वेगळी गोष्ट. कॉस्टिकच्या पिशवीत उरलेली पूड घामाने ओल्या हाताला लागली तरी कातडी भाजते. डाइंगचा गाळ औद्योगिक घातक कचऱ्यात मोडतो. तो प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीने, नोंद ठेवून, रांजणगावसारख्या अधिकृत केंद्रावरच जातो. ट्रॅक्टरवाल्याला थोडे जास्त पैसे देऊन हा प्रश्न सुटत नाही, तो कुणाच्या तरी विहिरीच्या पाण्यात उतरतो.

जागा, भरणं आणि वायरी

पेठांतल्या अरुंद बोळात डंपर प्लेसर शिरत नाही, आणि शिरला तरी कंटेनर उचलायला त्याला सरळ रेषेत मोकळी जागा लागते. आधी टेपने रुंदी मोजा. जमत नसेल तर हातगाड्याने माल बोळाच्या तोंडाशी आणायचा खर्च धरा. कंटेनर चेंबरच्या झाकणावर किंवा गटारावर ठेवू नका. पेव्हर ब्लॉकवर ठेवायचा तर खाली दोन जाड फळ्या घाला. वर वीजवाहिनी असेल तिथे हायड्रॉलिक ट्रॉली उचलून रिकामी करू देऊ नका. उचललेला हौदा वायरीला लागून माणसं दगावतात. जड वाहनांच्या प्रवेशाच्या वेळा वाहतूक शाखेकडून विचारून घ्या. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सिद्धेश्वर मंदिर परिसरातले मार्ग बदलतात, तेव्हा फेरी ठरवूच नका.

दोन चाकी ट्रॉलीत जड माल आसाच्या किंचित पुढे, तळाला आणि सपाट भरा. सगळं वजन मागे गेलं तर जोडाचा दांडा वर उचलला जातो, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि चढावर ताबा सुटतो. माल काठाच्या चार बोटं खाली थांबवा. धुळीसाठी वरून पाणी शिंपडा, पण भिजवू नका. ताडपत्री चारही बाजूंनी बांधा.

अडचण आलीच तर

ड्रायव्हर नाही म्हणाला तर भांडण्याआधी कारण विचारा. वजन असेल तर वरचा एक थर उतरवून दुसरी फेरी करा. मिश्रण असेल तर नको त्या वस्तू तिथेच वेचून काढा. जास्त पैसे घेऊन तसंच न्यायची तयारी त्याने दाखवली, तर माल कुठे ओतला जाणार हे उघड आहे.

रात्रीत शेजारपाजारच्यांनी गाद्या, नारळाच्या करवंट्या, डायपर आणून टाकणं नेहमीचं आहे. रोज काम संपलं की कंटेनर ताडपत्रीने झाका आणि फोटो काढून ठेवा. भाडेकरारात मिश्र कचऱ्याचा दंड असेल तर हाच फोटो उपयोगी पडतो. पावसाळ्यात ताडपत्रीच्या खोलगट भागात पाणी साठू देऊ नका, त्यात डेंगीचे डास होतात.

गाडी गेल्यावर गल्लीतून एक मोठं चुंबक दोरीला बांधून फिरवा. स्पीकरमधलं जुनं चुंबकही चालतं. जुन्या दारांचे खिळे मातीत दिसत नाहीत, आणि सकाळी त्याच गल्लीतून मुलं शाळेला जातात.