पीएम सूर्यघर योजनेतून छतावर सौरसंच कसा बसवावा: वीजबिल तपासण्यापासून अनुदान खात्यात जमा होईपर्यंत

पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. देशातील १ कोटी घरांच्या छतांवर सौरसंच बसवण्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद असलेली ही योजना २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत राबवली जाणार आहे. योजनेच्या नावात ‘मोफत’ हा शब्द असला तरी संचाचा खर्च आधी आपल्यालाच करावा लागतो. संच बसून, तपासणी होऊन, नेट मीटर (घेतलेली आणि वितरण कंपनीला दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारे मीटर) लागल्यानंतर केंद्र सरकारचे अनुदान आपल्या बँक खात्यात येते. त्यामुळे ते मिळेल की अडकेल, हे बहुतेक वेळा शेवटच्या टप्प्यावर नव्हे, तर अगदी सुरुवातीला कागदपत्रांत आणि कोटेशनमध्ये काय लिहिले आहे यावरच ठरते.

अनुदान किती मिळते

पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये, असा हा हिशेब आहे. म्हणजे १ किलोवॅटच्या संचाला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅटला ७८,००० रुपये मिळतात. संच ५ किंवा १० किलोवॅटचा असला तरी रक्कम ७८,००० रुपयांवरच थांबते. ही रक्कम तुमच्या प्रत्यक्ष खर्चाच्या टक्केवारीने ठरत नाही. सरकारने पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ५०,००० आणि तिसऱ्यासाठी ४५,००० रुपये असा आधारभूत दर धरून त्याच्या अनुक्रमे ६० आणि ४० टक्के रक्कम निश्चित केली आहे. बाजारात संच महाग पडला तरी अनुदान वाढत नाही, हे कोटेशन वाचताना लक्षात ठेवावे.

संचाची क्षमता पॅनेल आणि इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशा रूपात बदलणारे यंत्र) यांपैकी ज्याची कमी असेल त्यावर मोजली जाते. ५४० वॅटची पाच पॅनेल आणि ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर बसवला, तर कोटेशनवर ‘३ किलोवॅट सिस्टिम’ असे लिहिलेले असले तरी अनुदानासाठी तो संच २.७ किलोवॅटचाच ठरतो आणि ७८,००० ऐवजी ७२,६०० रुपये मिळतात. सहा पॅनेल असतील तर हा प्रश्न येत नाही. म्हणून कोटेशनवरचा किलोवॅटचा आकडा तसाच न स्वीकारता पॅनेलची संख्या आणि प्रत्येकाचे वॅट यांचा गुणाकार स्वतः करून पाहावा.

पहिली पायरी: वीजबिल नीट वाचा

व्हेंडरला, म्हणजे संच विकून बसवून देणाऱ्याला, बोलावण्याआधी मागील बारा महिन्यांची बिले समोर घ्यावीत. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा वीजवापर छापलेला असतो. उन्हाळ्यातील दोन महिन्यांचा आकडा पाहून निर्णय घेणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. वर्षभराची सरासरी काढावी. आपल्याकडे १ किलोवॅटचा संच दिवसाला साधारण चार युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिट वीज देतो. आषाढ-श्रावणात उत्पादन बरेच घटते आणि मार्च-एप्रिलमध्ये ते भरून निघते.

महिन्याला सरासरी २८० युनिट वापरणाऱ्या घराला २ किलोवॅटचा संच सुमारे २४० युनिट देईल आणि बिल ४० युनिटांचे येईल. त्याच घराने ३ किलोवॅट बसवले, तर महिन्याला ८० युनिट वीज शिल्लक राहील. शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जमा धरले जातात, परंतु आर्थिक वर्ष संपताना उरलेल्या युनिटांना जो दर मिळतो, तो आपण विकत घेत असलेल्या विजेच्या दरापेक्षा पुष्कळ कमी असतो. छतावर वीज पिकवून विकण्याचा धंदा घरगुती ग्राहकाला परवडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरगुती वीजदर ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे अशा टप्प्यांनी चढत जातो. नेट मीटरिंगमध्ये आधी युनिटांची वजावट होते आणि उरलेल्या युनिटांना टप्प्यांचा दर लागतो, त्यामुळे सौरवीज सर्वांत महागड्या टप्प्यातील युनिट आधी कमी करते. साहजिकच पहिला किलोवॅट सर्वांत जास्त पैसे वाचवतो, त्याला अनुदानही जास्त मिळते, आणि पुढचा प्रत्येक किलोवॅट तुलनेने कमी फायद्याचा ठरतो.

म्हणून सौरसंचाआधी घरातील पंख्यांकडे पाहावे. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, तर बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा पूर्ण वेगात ३० वॅटच्या आसपास. पाच पंखे रोज दहा तास चालत असतील, तर केवळ ते बदलल्याने महिन्याला सुमारे ६७ युनिट वाचतात, म्हणजे अर्ध्या किलोवॅटहून अधिक क्षमतेच्या संचाइतके. या पंख्यांना या योजनेत अनुदान नाही, तरीही तिसरा किलोवॅट घेण्यापेक्षा हा खर्च अनेक घरांना स्वस्त पडतो.

दुसरी पायरी: नाव, जोडणी आणि छत

अर्जदाराच्या नावावर चालू वीजजोडणी हवी, छत वापरण्याचा हक्क हवा आणि त्या घरासाठी सौरसंचाचे दुसरे कोणतेही अनुदान यापूर्वी घेतलेले नसावे. यांतील पहिली अट सोपी वाटते, पण गाडी बहुधा तिथेच अडते. असंख्य घरांची जोडणी अजूनही वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असते आणि ते हयात नसतात. बिल नियमित भरले जात असल्याने कोणाला अडचण जाणवत नाही, परंतु अनुदान जमा करताना वीजबिलावरील नाव आणि बँक खात्यावरील नाव जुळवून पाहिले जाते. आडनाव आधी की नंतर, वडिलांचे नाव पूर्ण की आद्याक्षर, लग्नानंतरचे नाव की माहेरचे, अशा क्षुल्लक फरकांवरूनही रक्कम अडकू शकते. तेव्हा नाव बदलण्याचा किंवा दुरुस्त करण्याचा अर्ज महावितरणकडे (मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवर यांच्याकडे) आधीच करावा आणि नव्या नावाचे बिल हातात आल्यावरच पुढे जावे. वारसांची संमती लागणार असेल, तर भावंडांशी बोलणेही याच टप्प्यावर उरकून घ्यावे.

छतासाठी दर किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित जागा धरावी. पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे असावे. सावली तपासायची ती डिसेंबरमध्ये, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो आणि पाण्याच्या टाकीची, जिन्याच्या खोलीची किंवा शेजारच्या नारळाची सावली सर्वांत लांब पडते. सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळेत ती कुठवर पोहोचते, हे गच्चीवर खडूने आखून ठेवावे. पॅनेल एकाच मालिकेत जोडलेली असतात, त्यामुळे एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडलेली सावलीही संपूर्ण मालिकेचे उत्पादन कमी करू शकते. पापड-कुरडया वाळवण्यासाठी गच्ची मोकळी हवी असेल तर उंच स्ट्रक्चर घेता येते, पण त्याचा खर्च वाढतो आणि वाऱ्याचा जोर पाहून त्याची बांधणी भक्कम करावी लागते.

तिसरी पायरी: पोर्टलवर अर्ज

अर्ज पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर करावा. मोबाइल क्रमांकाने नोंदणी झाल्यावर राज्य, जिल्हा आणि वीज वितरण कंपनी निवडून बिलावरचा ग्राहक क्रमांक भरावा. मोबाइल क्रमांक स्वतःचाच द्यावा, व्हेंडरचा किंवा त्याच्या माणसाचा देऊ नये. पुढील प्रत्येक संदेश आणि ओटीपी त्याच क्रमांकावर येतो.

१० किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी लागत नाही. ग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार असा अर्ज मंजूर झाल्याचे मानले जाते आणि मंजूर भार (जोडणीला मंजूर असलेली कमाल वीजक्षमता) वाढवणे आवश्यक असल्यास ते काम वितरण कंपनीने करायचे असते. ५ किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी वितरण यंत्रणा बळकट करण्याचा खर्चही कंपनीचाच आहे. तेव्हा ‘तुमच्या भागातील ट्रान्सफॉर्मर पुरत नाही, त्याचे पैसे भरा’ असे कोणी सांगितल्यास ते लेखी मागावे.

चौथी पायरी: व्हेंडर आणि कोटेशन

व्हेंडर पोर्टलवरील नोंदणीकृत यादीतूनच निवडावा, अन्यथा अनुदान मिळत नाही. किमान तीन कोटेशने घ्यावीत. त्यांतील सर्वांत स्वस्त कोटेशन आधी संशयाने वाचावे, कारण या योजनेत ‘डीसीआर’ पॅनेल, म्हणजे वीज तयार करणारे सेल आणि ते जोडून बनलेले मॉड्यूल दोन्ही भारतात बनलेली पॅनेलच चालतात. आयात सेलची पॅनेल बरीच स्वस्त असतात आणि दिसायला अगदी तशीच असतात. कोटेशनवर ‘डीसीआर’ हा शब्द, कंपनीचे नाव आणि प्रत्येक पॅनेलचे वॅट लिहून घ्यावेत. माल आल्यावर पॅनेलवरील अनुक्रमांकांचे फोटो स्वतः काढून ठेवावेत, कारण तेच क्रमांक पोर्टलवर भरले जातात.

किमतीत काय धरले आहे आणि काय नाही, हे स्पष्ट असावे: स्ट्रक्चर, केबल, आकाशातील विजेपासून बचावासाठी वीजरोधक, तीन स्वतंत्र अर्थिंग, नेट मीटरचे शुल्क, पाच वर्षांची देखभाल. देखभाल ही व्हेंडरची जबाबदारी योजनेतच घातलेली आहे, तिचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नयेत. कोकणात खाऱ्या वाऱ्याने साधे लोखंड लवकर गंजते, म्हणून तेथे स्ट्रक्चरला जाड जस्तलेप असल्याचे पाहून घ्यावे. आणखी एक गोष्ट: २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे कोटेशनमधील कराचा दर नजरेखालून घालावा.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचा हप्ता नेट मीटर लागेपर्यंत राखून ठेवावा. एवढी रक्कम हाताशी नसेल, तर सरकारी बँका ३ किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी तारण न घेता रेपो दराशी (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्याच्याशी) जोडलेल्या सवलतीच्या व्याजाने कर्ज देतात. योजना सुरू झाली तेव्हा तो दर सुमारे ७ टक्के होता.

वीज गेल्यावर घरात दिवे राहतील, या समजुतीने अनेक जण हा संच घेतात. नेट मीटरवर चालणारा साधा संच वीजपुरवठा खंडित होताच आपोआप बंद होतो, कारण तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला उलट्या दिशेने आलेल्या विजेचा धक्का बसू नये. भारनियमनाचा त्रास असेल तर बॅटरीचा संच लागतो, मात्र बॅटरीसाठी या योजनेत वेगळे अनुदान नाही.

पाचवी पायरी: बसवणी, नेट मीटर आणि अनुदानाची मागणी

संच बसल्यावर व्हेंडर त्याचा तपशील आणि छायाचित्र पोर्टलवर टाकतो व नेट मीटरसाठी अर्ज करतो. वितरण कंपनीने तपासणी करून पंधरा दिवसांत संच कार्यान्वित करावा, असा नियम आहे. त्यानंतर कार्यान्वयन प्रमाणपत्र पोर्टलवर दिसू लागते. अनुदानाची मागणी त्याआधी करता येत नाही. बँक खात्याचा तपशील आणि रद्द केलेला धनादेश भरून मागणी नोंदवावी. साधारण ३० दिवसांत रक्कम जमा होणे अपेक्षित असते. न झाल्यास पोर्टलवर अर्जाची स्थिती पाहून १५५५५ या मदत क्रमांकावर तक्रार करावी.

सोसायटी आणि कमी वापराची घरे

फ्लॅटची गच्ची सोसायटीची असते, त्यामुळे एकट्या सदस्याला सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय ती वापरता येत नाही. सोसायटीला स्वतः मात्र लिफ्ट, पंप, जिन्यातील दिवे आणि वाहन चार्जिंग अशा सामाईक वापरासाठी दर किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. त्याची मर्यादा प्रत्येक घरामागे ३ किलोवॅट आणि एकूण ५०० किलोवॅट अशी आहे.

महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालील आणि महिन्याला १०० युनिटपर्यंत वापर असलेल्या घरांसाठी ‘स्मार्ट’ या राज्य योजनेतून १ किलोवॅटच्या संचाला केंद्राच्या ३०,००० रुपयांवर आणखी रक्कम मिळते: दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना १७,५००, अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकांना १५,००० आणि इतरांना १०,००० रुपये. अशा घरांनी थेट व्हेंडरकडे न जाता आधी महावितरणच्या जवळच्या कार्यालयात चौकशी करावी.

पहिले बिल

नेट मीटर लागल्यानंतरच्या पहिल्या बिलात घेतलेली आणि दिलेली, अशी दोन रिडिंग दिसली पाहिजेत. केवळ घेतलेले युनिट दाखवून पूर्ण बिल आले असेल, तर मीटर बदलल्याची नोंद बिलिंगमध्ये झालेली नाही, असे समजावे आणि त्याच महिन्यात लेखी तक्रार द्यावी. युनिट शून्यावर आले तरी स्थिर आकार भरावाच लागतो. इन्व्हर्टरच्या ॲपमधील उत्पादनाचा आकडा आणि बिलावरील ‘दिलेले युनिट’ यांची तुलना करून गोंधळू नये, कारण दुपारी घरात थेट वापरलेली वीज मीटरपर्यंत पोहोचतच नाही. पॅनेल पंधरा दिवसांतून एकदा सकाळी, काच तापण्याआधी, साध्या पाण्याने धुवावीत, आणि मार्चअखेरचे बिल आल्यावर शिल्लक युनिटांचा हिशेब बिलावर दाखवला आहे का, ते तपासावे.