ग्रेडलमधलं माझं पहिलं टास्क

डिचोलीहून कदंबा बसने रोज पर्वरीला जायचो, तिथे एका लहान ऑफिसात अँड्रॉइडचं काम मिळालं होतं. अ‍ॅप फेरीबोटींच्या वेळा दाखवायचं: रायबंदर-चोडण, बेती-पणजी वगैरे. वेळापत्रक एक्सेलमध्ये यायचं. पायथनच्या एका स्क्रिप्टने त्याचं जेसन (अ‍ॅपला वाचता येईल अशी मजकुराची फाइल) करून अ‍ॅपच्या असेट्स फोल्डरात टाकायचं, महिन्यातून एकदा. ती लांबलचक कमांड कोणालाच पाठ नव्हती. सीनियरच्या मॉनिटरला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर ती होती आणि पावसाळ्यात चिठ्ठीचा गोंद सुटायचा.

"ग्रेडलमध्ये टास्क करून ठेव ना," सीनियर म्हणाला. ग्रेडल म्हणजे कोडपासून अ‍ॅप तयार करणारं, म्हणजे बिल्ड काढणारं साधन, आणि टास्क म्हणजे त्यात नाव देऊन ठेवलेलं एक काम. मी केलं. हुरूप आला म्हणून जुनी वेळापत्रकं पुसणारं दुसरं टास्कही लिहिलं. टास्कच्या कंसात सरळ डिलीटची ओळ. ते मी चालवलंच नाही. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याने नेहमीसारखा डीबग बिल्ड (चाचणीसाठीचं अ‍ॅप) काढला आणि फोल्डर रिकामा. त्यातल्या दोन फाइली अजून गिटमध्ये, म्हणजे कोडच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साधनात, गेल्या नव्हत्या. "कितें केलें रे तुवें?" गणेशचवथीला चार दिवस राहिले होते, त्यातला एक त्या फाइली परत जमवण्यात गेला.

झालं काय, तर ग्रेडल आधी सगळ्या बिल्ड फाइली वाचून टास्कं मांडतो आणि मग त्यातली हवी ती चालवतो. चवथीच्या बाजाराचंच घ्या. घरी बसून यादी करायची, मग म्हापशाला जायचं. टास्कच्या कंसात थेट लिहिलेलं सगळं यादी करतानाच घडतं. बाजारात घडायला हवं ते टास्कच्या आतल्या डू-लास्टच्या कंसात लिहायचं असतं. मी यादी करता करताच पैसे उडवले होते. त्यातून टास्क जुन्या पद्धतीने लिहिलेलं, म्हणजे कुठलाही बिल्ड असो, त्याची यादी होणारच. २०१८ साली ४.९ आवृत्तीत आलेल्या रजिस्टर पद्धतीत टास्क लागेल तेव्हाच मांडलं जातं. तरीही निर्धास्त राहू नका: टास्कांची नुसती यादी मागितली तरी ती सगळी मांडली जातात, म्हणजे चुकीच्या जागची डिलीट तेव्हाही चालते. ड्राय-रननेही, म्हणजे नुसत्या रंगीत तालमीनेही, मी वाचलो नसतो. तो टास्कांची कृती तेवढी टाळतो, मांडणी होतेच.

आता खरा गोंधळ. बाहेरची कमांड चालवायला एक्झेक प्रकारचं टास्क असतं. त्यात कमांड-लाइन मात्र डू-लास्टमध्ये घालायची नाही, कारण ती ओळ कमांड चालवत नाही, कोणती चालवायची ते फक्त नोंदवते. आत घातलीत तर चालवायची वेळ येते तेव्हा नोंदच नसते आणि एरर येतो. डिलीट प्रकाराच्या टास्कचंही तसंच. तोच शब्द तिथे निमूट नोंद करतो, साध्या टास्कात तत्काळ पुसतो. हे मला बरेच दिवस पटत नव्हतं, आजही फारसं आवडत नाही.

टर्मिनलवर चालणारी ओळ एक्झेकमध्ये जशीच्या तशी चिकटवून बघाल, तर पाइप (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारी उभी रेघ) चालणार नाही. मध्ये शेल, म्हणजे टर्मिनलवरची ओळ समजून घेणारा प्रोग्राम, नसतं, त्यामुळे पाइपचं चिन्ह साधा शब्द म्हणून पुढे जातं. पाइप हवाच असेल तर एसएच (एका शेलचं नाव) आणि डॅश-सी लावून पूर्ण ओळ एका अवतरणात द्या. विंडोजवर अर्थात ते चालत नाही. आमच्याकडे अर्धे लॅपटॉप विंडोजचे, म्हणून पाइपचं काम मी पायथनच्या स्क्रिप्टमध्येच ढकललं.

महिना बदलला की फाइल बदलते. ते नाव टास्कात कोरू नका, ग्रेडलच्या कमांडला डॅश-पी लावून बाहेरून द्या. टास्कला ग्रुप आणि वर्णन द्या. ग्रुप नसलेलं टास्क साध्या यादीत दिसतच नाही, ऑल म्हटल्यावरच दिसतं. जुन्या ट्युटोरियलात टास्कच्या नावापुढे डाव्या बाजूला वळलेले दोन बाण दिसतील. ती डू-लास्टची जुनी खूण, ५.० मध्ये काढून टाकली. असं काही दिसलं की ते पान बंद करा.

टास्क कोणती फाइल वाचतं आणि कोणती लिहितं हे इनपुट-आउटपुट जाहीर केलं तर एक्सेल बदललं नसताना ग्रेडल अप-टू-डेट म्हणून टास्क सोडून देतो. मी ते वर्षभराने केलं. पिवळी चिठ्ठी तोवर मॉनिटरच्या पाठीमागे कुठेतरी पडली होती, साफसफाईत सापडली. तिच्यावरच्या कमांडमधल्या फोल्डरचं नावही आता बदललेलं होतं.