सफेद मुसळी वर्षभर कशी बघायची (आणि ऑक्टोबरमध्ये कुंडी का फेकायची नाही)

आपल्या बोरिवलीचं नाव एका झाडाला आहे हे बऱ्याच बोरिवलीकरांनाच माहीत नसतं. सफेद मुसळीचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम, १९५० च्या दशकात फादर सांतापाव आणि फर्नांडिस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी दिलेलं. ताकदीच्या औषधांसाठी जंगलातून मुळ्या इतक्या खणल्या की आता ती धोक्यात आलेल्या वनस्पतींमध्ये गणली जाते. लोक कंद म्हणतात, पण खाली असतो तो जाड मुळ्यांचा घोस, वरती एका छोट्या चकतीला लटकलेला. ही चकती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एक कुंडी घरात ठेवा आणि पावसाळ्यात दोन-तीनदा बोरिवलीच्या संजय गांधी नॅशनल पार्कला जा, म्हणजे सगळ्या अवस्था कळतात. (सोमवारी पार्क बंद असतं, मी एकदा भिजत जाऊन परत आलोय.)

आधी कुंडी. मुळ्या नर्सरीतून, लागवडीच्याच घ्यायच्या, जंगलातल्या कोणी आणून देतो म्हणाला तरी नको. प्रत्येक मुळीला वरच्या चकतीचा तुकडा हवा, कारण डोळा तिथेच असतो, नुसती जाडजूड मुळी लावलीत तर कितीही पाणी घाला काही उगवणार नाही. माती वाळू मिसळलेली, पाणी पटकन निघून जाणारी, आणि लावायचं जूनमध्ये पाऊस सुरू होताना.

मग पानं येतात. एकाच जागेतून फुटलेली लांब हिरवी पाती, सुरुवातीला सरळ गवतच वाटतं, माझ्या आईने तण समजून अर्धी उपटली होती. याच सुमाराला बाजारात फोडशीच्या जुड्या येतात, ती याच कुळातली रानभाजी, मधला निबर दांडा काढून मस्त लागते, पण घेताना वरून कापलेली पानं बघून घ्या, मुळासकट उपटलेली जुडी म्हणजे ते झाड गेलंच.

जुलै-ऑगस्ट फुलांचा. पानांच्या मधून दांडी वर येते आणि खालून वर अशी पांढरी फुलं उमलत जातात, सहा पाकळ्या, मधे पिवळे पुंकेसर. एक फूल एकच दिवस टिकतं, म्हणून "रविवारी बघू" म्हणालात तर काल उमललेलं गेलेलं असतं, दुसरं बघायचं. जमिनीलगत पिवळं चांदणीसारखं फूल दिसलं तर ती काळी मुसळी, वेगळंच झाड. पार्कात रस्ता सोडून आत शिरू नका, काही तोडू नका, तिथे ते कायद्याने बंद आहे आणि बिबट्याही आहेत, फोटो काढा बास.

फुलांनंतर तीन धारांची बोंडं धरतात, आत कांद्याच्या बियांसारख्या काळ्या बिया. बी रुजतं कमीच, हौस म्हणून पेरून बघा.

आता खरी गंमत. सप्टेंबर-ऑक्टोबरात पानं पिवळी पडून आडवी होतात आणि आपल्याला वाटतं मेलं. पहिल्या वर्षी मी घाबरून रोज पाणी घातलं, डिसेंबरात उकरलं तर सगळा लगदा, वास वेगळाच. पानं गळली तरी झाड जिवंत असतं, फिकट मुळ्यांची साल मातीत हळूहळू गडद तपकिरी होत असते. पानं पिवळी व्हायला लागली की पाणी कमी करत जा, वाळली की पूर्ण बंद, आणि कुंडी ग्रिलच्या आतल्या कोपऱ्यात पाऊस-पाण्यापासून लांब सरकवा. कुंडीवर चिठ्ठी चिकटवा नाहीतर घरातलं कोणीतरी त्यात कोथिंबीर पेरतं.

मे संपत आला की वरची माती बोटाने हलकेच बाजूला करून चकती चाचपा, घट्ट लागली तर परत झाका आणि पहिल्या पावसात कुंडी बाहेर काढा.